फाटकावरचं रजिस्टर

छोट्या गाडीला कुणी हसलं की मला अजून राग येतो. लातूरहून बार्शी-कुर्डुवाडीकडं जाणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी. लोक सांगतात, चालत्या गाडीतून उतरायचं, रानातला हरभरा उपटायचा आणि मागच्या डब्यात चढायचं. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती गाडी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नसते. अहो, त्याच गाडीनं आमच्या लातूरला मिरच्या आणल्या, चादरी आणल्या, पाहुणे आणले आणि नंतर नंतर तर मुलखाची पोरं शिकायला आणून सोडली. त्या गाडीच्या वाटेवर एक फाटक होतं आणि ते माझी माय सांभाळायची. तिच्या डोळ्यांदेखत इतक्या गाड्या गेल्या, पण कुणाच्या कोंबडीचं पीससुद्धा रुळावर पडलं नाही. तेव्हा हसायचं असेल तर जरा जपून हसा.

फाटक लातूरपासून दोन कोसांवर, औशाकडं फुटणाऱ्या एका रस्त्यावर होतं. रुळाला लागून फाटकवाल्याची पत्र्याची खोली आणि मागं आमचं क्वार्टर, म्हणजे एक खोली, एक पडवी, बाहेर चूल आणि शेवग्याचं झाड. आधी वडील त्या फाटकावर होते. मी सातवीत असताना ते काविळीनं गेले आणि त्यांच्या जागेवर मायला घेतलं. तिचं नाव सोजरबाई. शाळेची पायरी तिनं कधी चढलेली नव्हती, पण काम मात्र पहिल्या दिवसापासून असं उचललं की वडिलांनाही जमलं नसतं. नऊवारीवर खाकी सदरा, कमरेला शिट्टी, काखेत दोन झेंड्या. फाटकाची दांडी फिरवताना जी खडखड व्हायची ती ऐकून मी झोपेतसुद्धा सांगायची की फाटक लागतंय की उघडतंय. गाडी दिसायच्या आधी माय खाली वाकून रुळावर तळहात ठेवायची. "आली बघ, निघाली तिकडून," म्हणायची, आणि गाडी यायचीच. कोरड्यासाला बहुतेक अंबाडी नाहीतर वरण, भाकरी मात्र गरम, आणि शेंगाची चटणी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी यावं. गाडीच्या वेळा सांभाळून स्वयंपाक व्हायचा. तव्यावर भाकरी असताना फोन आला तर ती भाकरी मी उलटायची, आणि करपली तर बोलणी मीच खायची.

रात्रीची पाळी रशीदचाचांची. त्यांचं घराणं लातूर शहरातलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेलं. त्यांच्या भावाचा स्टेशनवर टांगा होता. चाचा रात्री आठला सायकलवरून यायचे आणि सकाळी आठला मायच्या हातचा चहा घेऊन जायचे. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडून डाळी-भाज्यांच्या भज्जीचा डबा जायचा. मायला ते सोजरबाईच म्हणायचे, पण बोलायचे मात्र सख्ख्या भावासारखं, म्हणजे येता-जाता चिडवत.

मी नववीत गेले त्या वर्षी फाटकावर टेलिफोन आला. काळा, जड, कडेला फिरवायची दांडी असलेला. त्याच्याबरोबर एक नवी रीतही आली. गाडी सुटायच्या आधी स्टेशन मास्तर फोन करणार, गाडी सांगणार आणि दोन आकडी नंबर देणार. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणायचे. तो दर वेळी वेगळा, मास्तरांच्या तक्त्यातला. फाटकवाल्यानं तो परत म्हणून दाखवायचा, वेळेसकट रजिस्टरात लिहायचा, फाटक लावायचं आणि गाडी जाईपर्यंत ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही. उद्या काही झालंच, तर मास्तरांच्या वहीतला आणि फाटकावरच्या रजिस्टरातला नंबर जुळला पाहिजे. जुळला तर फाटकवाला खरा, नाहीतर गेला कामातून.

आता आली का पंचाईत! मायला आकडे म्हणता यायचे, हिशोब तोंडी यायचा, घड्याळाचे काटे कळायचे, पण लिहायचं म्हटलं की हात दगडाचा. ही गोष्ट कळली असती तर तिला गँगवर खडी उचलायला पाठवलं असतं, क्वार्टर सोडावं लागलं असतं आणि माझी लातूरची शाळा तिथंच संपली असती. मायनं यावर जी युक्ती काढली ती तीच काढू जाणे. ती प्रत्येक नंबराची ओवी करायची. घरातलं जातं कधीच गेलं होतं, दळण गिरणीवर जायचं, पण ओवी काही गेली नव्हती. मी संध्याकाळी शाळेतून आले की पायरीवर रजिस्टर उघडून बसायची, आणि माय भाजी निवडत सुरू करायची:

"पहिली माझी ओवी, सकाळच्या गाडीला,
बत्तीस लुगडी, धाडली माझ्या वाडीला.
दुसरी माझी ओवी, बार्शीच्या पाव्हण्याला,
चौसष्ट घुंगरं, त्याच्या डाव्या बैलाला."

की मी लिहायची, पहिली गाडी बत्तीस, दुसरी चौसष्ट. दिवसाच्या सहा गाड्या, सहा ओव्या. मध्येच "थांब, वेळ सांग," म्हटलं की ती सांगायची, "बारका काटा नवाच्या खाली, मोठा सरळ खाली." तीन वर्षांत एकदाही नंबर चुकला नाही. हे खोटं होतं, कामाशी बेइमानी होती, हे मला आज लख्ख कळतं. तेव्हा मात्र शान वाटायची. तपासणीचे साहेब महिन्याला एकदा यायचे, पानं उलटायचे आणि म्हणायचे, "बाई, अक्षर काय मोत्यासारखं आहे हो तुमचं!" माय जमिनीकडं बघायची. रशीदचाचा साहेब गेल्यावर म्हणायचे, "देखो सोजरबाई, मी रातचा माणूस. दिवसाचं मला काय बी दिसत न्हाई. पण मोती कुणाचे हाईत ते पोरीला तरी इचारा!"

तोवर लातूर पालटायला लागलं होतं. जिकडंतिकडं क्लास निघाले. पत्र्याच्या शेडात, लग्नाच्या हॉलात, कुणाच्या माडीवर, जिथं शंभर पोरं मावतील तिथं फळा लागायचा. जूनमध्ये छोट्या गाडीतून पोरं उतरायची ती ट्रंका, वळकट्या आणि लाडवांचे डबे घेऊन, आणि मागं धोतर सावरत त्यांचे बाप. रशीदचाचांच्या भावानं त्या पोरांच्या ट्रंका वाहून वाहून टांगा झिजवला आणि मग घोडं विकून ऑटो घेतला. ऑटोला त्यानं घोड्याचंच नाव दिलं. आमच्या फाटकावर पूर्वी बैलगाड्या थांबायच्या, चिलीम ओढायच्या, गप्पा मारायच्या. आता काळ्या-पिवळ्या जीपा, टेम्पो, मोटारसायकली. फाटक लागलं की हॉर्न. दोन मिनिटं दम नाही कुणाला. माय म्हणायची, "बैलाला कळतंय थांबायचं, ह्यास्नी न्हाई कळत."

मी बारावी सायन्सला. पहाटे उठून सायकलवर लातूरला सहाचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी परत. गणित माझं पक्कं होतं आणि त्याचा मला भलता तोरा होता. त्याच पावसाळ्यात साहेब कागद घेऊन आले. दिवाळीनंतर सगळ्या फाटकवाल्यांची परीक्षा, नंबर ऐकून स्वतःच्या हातानं रजिस्टर भरायचं. न येणाऱ्याची गँगवर बदली. साहेब हसत म्हणाले, "तुम्हाला काय काळजी बाई, तुमचं अक्षर तर नमुना म्हणून दाखवण्यासारखं." ते गेले आणि माय चुलीपुढं जाऊन बसली. मी म्हटलं, "त्यात काय, मी शिकवते. दहा तर आकडे हायेत."

दहा तर आकडे! आज चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गाला शिकवते आणि बिघडलेल्यातलं बिघडलेलं पोरगं आणून द्या म्हणते, पण पहिला विद्यार्थी मला जड गेला. एक ते नऊ तिनं आठ दिवसांत गिरवले. पुढं गाडं अडलं. मी चौसष्ट म्हणायची आणि ती आधी चार लिहायची, मग सहा. शेहेचाळीस! मी पुसायची, ती परत तेच लिहायची.

"अगं, सहा आधी."

"का? तू म्हणताना आधी चौ म्हणायलीस की. चार आधी ऐकू येतंय, मग आधी चारच लिहायचं. तुमच्या शाळंत ऐकायला एक आन्‌ लिहायला भलतंच असतंय व्हय?"

तिचं बरोबर होतं हे मला पुढं मास्तरकी करताना कळलं. तेव्हा मी सतरा वर्षांची शहाणी. मी पाटी आपटली. म्हटलं, "एवढं सोपं येईना तुला? तुझ्यामुळं माझी बारावी जाणार. गँगवर गेलीस तर मी काय खडी फोडू तुझ्यासंगं?" माय काही ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "कुसे, तुला फाटक लावता येतंय का? न्हाई ना? मी म्हन्ले का कधी तुला, एवढं बी येईना?" आणि उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून पाटी दिसेना. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, तिनं नाद सोडला. संध्याकाळी ओव्या आणि रजिस्टर तेवढं चालू राहिलं, पण आता पायरीवर आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता बसायचो. त्या बोलण्याची लाज मला आजही वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. फडताळातली भांडी एकदम खाली आली, ट्रंक जमिनीवर सरकली आणि टेलिफोन आपोआप किणकिणला. रशीदचाचा पत्र्याच्या खोलीतून ओरडत आले, "सोजरबाई, बच्चीला घेऊन भायेर निघा!" आम्ही शेवग्याखाली उभ्या राहिलो. भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर पडली, पण घर उभं राहिलं. उजाडल्यावर औशाकडून येणाऱ्यांनी सांगितलं की पलीकडची गावंच्या गावं बसली. माय आठला ड्यूटीवर उभी राहिली. चाचांची पाळी संपली होती, पण ते घरच्यांची खुशाली कळल्यावर तिथंच थांबले. मायनं मला सायकल काढायला लावली. म्हणाली, "इथं काय करतीस? हातपाय धड हायेत तुझे. लातूरला जा, लोकास्नी लागंल ते कर."

त्या दिवशी क्लासच्या सरांनी फळा पुसला आणि आम्हा सगळ्यांना दवाखान्यात नेलं. मला त्यांनी दारापाशी टेबल दिलं. आलेल्या जखमी माणसाचं नाव, गाव, बरोबर कोण, हे लिहायचं. अक्षर चांगलं म्हणून माझी निवड झाली. मी दिवसभर लिहीत होते. काहींना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. एक बाई आपलं नाव सोडून तिच्या तीन लेकरांचीच नावं पुन्हा पुन्हा सांगत होती आणि मी ती पुन्हा पुन्हा लिहीत होते. त्याहून जास्त मी त्या दिवसाविषयी लिहिणार नाही. संध्याकाळी सायकलवर बसले, अर्ध्या वाटेत आले आणि एकदम ध्यानात आलं. आजचं रजिस्टर कोरं असणार! आणि वाटेत भेटलेला एक ओळखीचा टेम्पोवाला म्हणाला, "अगं, तुमच्या फाटकावर आज मोठा राडा झाला. कुणीतरी पुढारी तुझ्या मायला नाव-गाव इचारून गेलाय. वर कळवतो म्हनला."

काय झालं ते मी पाहिलेलं नाही, चाचांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि त्यांनी ते पुढं इतक्यांदा सांगितलं की मी तिथं होतेच असं मला वाटतं. दुपारी मास्तरांचा फोन आला. गाडी सोडतोय, नंबर घ्या. मायनं नंबर घेतला, परत म्हणून दाखवला, फाटक लावलं. पण गाडी येईना. रूळ पायी तपासत तपासत गाडी आणायची होती, हे मागाहून कळलं. फोन लावावा तर फोन मुका. दहा मिनिटं, वीस मिनिटं. इकडं मदतीच्या जीपा, टेम्पो लागत गेले. पाण्याची पिंपं, भाकरीची गाठोडी, औषधांची खोकी. मागून एका पुढाऱ्याची पांढरी गाडी आली. तो उतरून ओरडला, "ए बाई, उघड ते! तिकडं माणसं मरायलीत आन्‌ तू रिकाम्या रुळाला फाटक लावून बसलीस?"

"नंबर आलाय. गाडी गेल्याबिगर उघडणार न्हाई."

"कुठंय गाडी? दाखव की!"

गाडी दिसणारच नव्हती. पुढं रूळ मुरमाच्या टेकाडातून वळायचा, गाडी फाटकावर येईपर्यंत दिसायची नाही. लोक दांडीला हात घालायला लागले. चाचा सांगायचे, "मी मनात म्हनलं, या अल्ला, आता मारतेत हिला." माय दांडीवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं पलीकडं पाहिलं. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला औशाकडून रिकाम्या परतलेल्या जीपा थांबल्या होत्या. ती म्हणाली, "फाटक गाडीला बंद हाय. माणसाला कुणी आडवलंय? गाठोडी डोक्यावर घ्या, आन्‌ पल्याडच्या जीपांत टाका. त्या माघारी फिरतील." आणि स्वतः लाल झेंडी घेऊन रुळात जाऊन उभी राहिली, दर थोड्या वेळानं वाकून रुळावर तळहात ठेवत. लोकांना पटलं. रांग लागली. हातोहात पिंपं, खोकी, भाकरी पलीकडं गेल्या. पलीकडच्या जीपा भरल्या आणि वळल्या. तेवढ्यात मायनं शिट्टी फुंकली, "व्हा बाजूला, बोलायलाय रूळ!" सगळे मागं सरले आणि टेकाडातून आमची छोटी गाडी हळूहळू, आवाज न करता, बाहेर आली. पुढाऱ्याची मोटार मात्र डोक्यावर घेऊन पलीकडं नेता येत नव्हती. तो तेवढा अडकला, आणि तोच तक्रार करून गेला.

मी धापा टाकत घरी पोचले. माय बाहेरच्या चुलीवर भाकरी थापत होती. "हातपाय धू, भाकर खा आधी," म्हणाली. मी काही न ऐकता पत्र्याच्या खोलीत गेले आणि रजिस्टर उघडलं. त्या दिवसाचं पान भरलेलं होतं. चार ओळी. त्या दिवशी चारच गाड्या गेल्या होत्या. आकडे एकमेकांवर चढलेले, कुठं रकान्याच्या बाहेर पळालेले, आठाचं पोट फुटलेलं. पण वेळ होती, नंबर होता. ते अक्षर चाचांचं नव्हतं, आणि आमच्या घरात असं काढणारं मायशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मी तिथंच खाली बसले आणि रडायला लागले. दिवसभरात पहिल्यांदा रडले. माय पिठाच्या हातानं दारात आली आणि घाबरून गेली.

"रडायलीस कशाला? चुकलं का?"

"न्हाई, माय. एक बी चुकलं न्हाई."

शिकली कशी, ते चाचांनी सांगितलं. पाटी तिनं फाटकावर नेऊन ठेवली होती. फाटक लागलं, जीपा थांबल्या की ही पाटी घेऊन त्यांच्यापुढं उभी. "हा नंबर काय म्हणायचा रं दादा?" ड्रायव्हर हसायचे, सांगायचे, आणि ही गाडीच्या नंबरप्लेटीवरून उतरवून घ्यायची. बैलगाडीला नंबर नसतो, जीपेला असतो. ज्या हॉर्नवाल्यांना ती दिवसभर शिव्या घालायची, त्यांच्याकडूनच ती शिकली. "माझ्या पोरीला दम न्हाई," म्हणे ती चाचांना, "ह्यांना बी न्हाई, पण ह्यांना फाटकामुळं थांबावंच लागतंय."

चार-पाच दिवसांनी साहेब तक्रारीचा कागद घेऊन आले, बरोबर आपली वही घेऊन स्टेशन मास्तर. आम्ही अजून शेवग्याखालीच राहत होतो, आणि चाचाही पाळी संपवून चहाला थांबले होते. साहेबांनी तक्रार वाचून दाखवली: फाटकवालीनं गाडी नसताना फाटक अडवून धरलं, तिला लिहिता-वाचता येत नाही असं ड्रायव्हरच सांगतात, तिच्याकडं नंबरच नव्हता. मास्तरांनी वही उघडली, साहेबांनी रजिस्टर. नंबर जुळला. पण साहेबांचं बोट त्या पानावर थांबलं. त्यांनी मागचं पान पाहिलं, मोत्यांचं, आणि पुन्हा हे पाहिलं.

"बाई, मागचं अक्षर तुमचं मला माहीत आहे. हे पान कुणाचं? मागाहून कुणाकडून भरून घेतलंत का?"

चाचा चटकन पुढं झाले. "साहेब, भूकंप झालता. हात कापला असंल बाईचा. आमचे सगळ्यांचेच कापायलेत." साहेबांना ते पटलं. त्यांनी मान हलवली आणि रजिस्टर मिटायला घेतलं. संपलं होतं सगळं. फाटक वाचलं, क्वार्टर वाचलं, माझी बारावी वाचली. मी मनात देवाचे आभार मानत होते आणि तेवढ्यात माय बोलली.

"न्हाई साहेब. हात कापला न्हाई. हे पान माझं हाय. मागची माझी न्हाईत."

मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात बाजूला केला.

"मागचं समदं माझ्या लेकीनं लिहिलंय. मी सांगितलं, तिनं लिहिलं. मला येत न्हवतं. आता येतंय. त्या पानाला तुमी माझं नाव दिलं आन्‌ ह्या पानाला भूकंपाचं, तर मग मी शिकले कशाला?"

मग साहेबांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढं धरलं आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "लिहा. चौसष्ट." माय खाली बसली. तिनं रकान्यात डाव्या बाजूला बोटभर जागा सोडली आणि आधी चार लिहिला. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. मग तिचा हात मागं आला आणि सोडलेल्या जागेत सहा बसला. ऐकल्या क्रमानंच लिहिलं होतं, फक्त उजवीकडून. साहेब म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर." आधी आठ, फुटक्या पोटाचा, मग त्याच्या अलीकडं सात. साहेबांनी भूकंपाच्या दिवशीच्या पानावरचा आठ पाहिला, हा पाहिला, आणि ओठ दाबून हसू आवरलं. "आणि मागची तीन वर्षं नंबर लक्षात कसे राहायचे?" मायनं भूकंपाच्या आदल्या दिवसाच्या सहाच्या सहा ओव्या म्हटल्या, तिथंच, पदर सावरत. मास्तर आपल्या वहीवर बोट सरकवत होते आणि प्रत्येक ओवीला "बरोबर" म्हणत होते. सहाव्या "बरोबर"ला त्यांनी वही मिटली.

साहेबांनी तिला लेखी ताकीद दिली. द्यायलाच हवी होती, आणि मलाही चांगलं झापलं. पण जाताना म्हणाले, "तक्रारीचं उत्तर मी देतो. नंबर जुळतोय. आणि बाई, फाटक तुम्हीच सांभाळायचं." दिवाळीनंतरच्या परीक्षेत माय पास झाली. पुढं उन्हाळ्यात मीही झाले. गणितात जेवढे मिळायला हवे होते त्याहून दोन कमीच मिळाले, त्याबद्दल तिनं मला महिनाभर चिडवलं. "मला तर सगळे आले बाई," म्हणायची.

एक मात्र झालं. लिहायला लागल्यापासून तिच्या ओव्या गेल्या. "काय झालंय कुणास ठाऊक, डोक्यात राहतच न्हाई आता," असं ती थोडं नवलानं सांगायची. पण मग अक्षरांच्या मागं लागली, आणि त्याला तिला माझी गरज पडली नाही. ट्रकांच्या मागं काय काय लिहिलेलं असतं, ते वाचून वाचूनच शिकली. त्यातलं सगळं काही घरात म्हणण्यासारखं नसायचं.

मी शिकून नांदेडला आले, लग्न इथं झालं, गणिताचा क्लास इथं काढला. आता लातूरला मोठी लाईन आहे, नवं स्टेशन आहे, मुंबईची गाडी पोरांनी भरून येते-जाते. आमच्या फाटकाच्या जागी रुळाखालून रस्ता गेलाय. जीपा न थांबता जातात, त्यांना कळतही नाही की इथं कधी थांबावं लागायचं. छोटी गाडी बंद व्हायची होती त्या दिवशी मी वर्ग बंद ठेवून नांदेडहून गेले. लोक फोटो काढायला आले होते, गाडीला हार घातले होते. चाचा रिटायर झाले होते, तरी भावाच्या ऑटोतून आले. शेवटच्या गाडीचा फोन आला. मायनं नंबर घेतला, परत म्हणून दाखवला, फाटक लावलं, हिरवी झेंडी धरली. गाडी गेली. लोक गाडीमागं धावले आणि फाटकावर आम्ही तिघंच राहिलो. मायनं दांडी फिरवून फाटक उघडलं आणि पत्र्याच्या खोलीत जाऊन रजिस्टरापुढं बसली. मी दारातून बघत होते. वेळ, नंबर लिहून झाल्यावर ती शेऱ्याच्या रकान्याशी थांबली. तो रकाना आम्ही दोघींनी इतक्या वर्षांत कधीच भरला नव्हता. मग तिनं हळूहळू, एक एक अक्षर, या वेळी डावीकडून उजवीकडं, लिहिलं आणि रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

"गाडी गेली. फाटक उघडलं. सोजरबाई."

चुकलं का, असं तिनं या खेपेला विचारलं नाही.